तारेचा दोष, माणसाला दंड



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘कचेऱ्यांतील इंटरनेटवरचे फोन आणि त्यांवरची देखरेख’ असा विषय कळवला. चालक भले गृहस्थ आहेत. त्यांनी हळूच विचारले, ‘भाऊ, हा विषय इंजिनियरचा नव्हे काय? तुम्ही गिरणीवर बोला, हमालांवर बोला, धुळ्याच्या मागवाल्यांवर बोला. लोकांना ते आवडेल.’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. चैत्र संपत आला आहे, जळगावात दिवसा घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि अशा दिवसांत संध्याकाळी अंगणात पाणी मारून बसायचे सोडून तुम्ही येथे आलात, तेव्हा तुम्हांला ओळखीचे काही ऐकवावे हे बरे. पण गेली दोन वर्षे आमच्या संघटनेच्या दारात येणाऱ्या तक्रारींत या फोनची तक्रार वारंवार येते, आणि तक्रार घेऊन येणारी बहुतेक पंचविशीच्या आतली मुले-मुली आहेत. त्यांच्या हातांना घट्टे नाहीत. त्यांच्या कानांवर मात्र आठ-आठ तास ते काळे कानफोन असतात.

आमची शाळा नववीला सुटली. पुढचे शिक्षण रस्त्यावर आणि वाचनालयात झाले. वयाच्या विशीत आम्ही धुळ्याला आग्रा रोडवर एका एसटीडी बूथमध्ये नोकरीला होतो. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना काचेचे खोके, आत टांगलेला पंखा आणि डोक्यावरचे लाल आकडे आठवत असतील. भारतात एका गावाहून दुसऱ्या गावाला थेट फोन लावण्याची सोय १९६० साली लखनौ-कानपूर अशी प्रथम झाली. आमच्या खानदेशातल्या गल्लीबोळांत तिचे पिवळे फलक लागायला पुढची पंचवीस-तीस वर्षे गेली. रात्री उशिरा चौथाई दर असे, म्हणून दिवसभर रिकामे असलेले बूथ रात्री भरून जाई. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रकवाले, सुरतेला भाव विचारणारे व्यापारी, सैन्यातल्या मुलाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे एका रांगेत. दर स्वस्त झाला की सारा देश एकाच घटकेला फोन उचली, आणि मग तिकडून ती ध्वनिमुद्रित बाई सांगे की या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत. फोन मध्येच कापला गेला तर गिऱ्हाईक कोणाशी भांडे? टेलिफोन खात्याशी नव्हे. खाते दिसत नसे. आम्ही दिसत होतो. पैसे कापून घ्या म्हणत ते आमच्याशी भांडत, आणि मालक ते पैसे आमच्या पगारातून वळते करी. आजच्या व्याख्यानाचे बीज तेथे पडले, असे म्हटले तरी चालेल.

रांग आणि लाइनी यांचे गणित कोणी केले, हे आम्हांला फार उशिरा वाचायला मिळाले. डेन्मार्कमध्ये आग्नेर क्रारुप एर्लांग नावाचे एक गणिती होते, जन्म १८७८, मृत्यू १९२९. १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला लागले. कंपनीपुढे प्रश्न साधा होता: गिऱ्हाइकांना ताटकळत न ठेवता कमीत कमी किती तारा आणि किती टेलिफोनच्या मुली लागतील? एर्लांग यांनी १९०९ मध्ये व पुढे १९१७ मध्ये याची सूत्रे छापली. आज जगातली प्रत्येक टेलिफोन कंपनी ती वापरते, आणि दूरध्वनीच्या वर्दळीच्या मापाला त्यांचेच नाव आहे. आम्हांला या माणसाविषयी आणखी एका कारणाने आदर वाटतो. हा गणिती कोपनहेगनच्या रस्त्यांवर शिडी घेतलेल्या एका कामगारासह फिरे आणि रस्त्यातल्या झाकणांखाली उतरून तारांची मोजमापे घेई.

त्यांचे गणित मजुराच्या उपयोगाचे आहे, म्हणून थोडे सांगतो. समजा एका कचेरीत तासाला १०० फोन येतात आणि प्रत्येक फोन तीन मिनिटे चालतो. म्हणजे तासात ३०० मिनिटांचे बोलणे झाले. ६० ने भागा, पाच आले. मालक म्हणतो, पाच माणसे पुरे. वरवर हिशोब बरोबर दिसतो, कारण तो असे धरून चालतो की फोन शाळेतल्या मुलांसारखे ओळीने येतात. तसे ते येत नाहीत; कधी दहा एकदम, कधी एकही नाही. एर्लांग यांचे सूत्र सांगते की पाच माणसे ठेवली तर रांग कधी संपायचीच नाही. सहा ठेवली तर दर दहांतल्या जवळजवळ सहा गिऱ्हाइकांना थांबावे लागेल. सात ठेवली तर तिघांना. आठ ठेवली तर सहांत एकालाच. तेव्हा पाच माणसांना बसवून ‘तुम्ही आळशी आहात, गिऱ्हाईक थांबून राहते’ असे म्हणणारा मालक गणिताच्या दृष्टीने चूक आहे. नीतीची गोष्ट पुढे. वाटाघाटीच्या बैठकीत आम्ही हा कागद काढला, तेव्हा समोरच्या तरुण मॅनेजरने तो दोनदा तपासला आणि म्हणाला, ‘हे तुम्हांला कोणी शिकवले?’ आम्ही म्हटले, ‘डेन्मार्कच्या एका माणसाने.’

आता नव्या फोनकडे वळू. जुन्या फोनमध्ये तुमच्या तोंडापासून दुसऱ्याच्या कानापर्यंत एक वाट बोलणे संपेपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवलेली असे. इंटरनेटच्या फोनमध्ये अशी राखीव वाट नसते. तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे पाडले जातात. साधारणपणे एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालतात, पाकिटावर क्रमांक, वेळ आणि पत्ता लिहितात आणि सोडून देतात. ते पाकीट इतर सगळ्या मालाबरोबर त्याच रुळांवरून जाते: कोणाचे पत्र, कोणाचा सिनेमा, कोणाच्या बँकेचा हिशोब.

हे आपल्याला भुसावळच्या यार्डावरून चांगले समजेल. तेथे कापसाच्या गाठी येतात आणि रावेर-सावद्याची केळीही येतात. कापसाची गाडी दोन दिवस बाजूच्या रुळावर उभी राहिली तरी कापूस कापूसच राहतो. केळीची गाडी दोन दिवस थांबली तर दिल्लीला पोचते ती नासाडी. पत्र, चित्र, हिशोब हा सगळा कापूस आहे. वाटेत पाकीट हरवले तर यंत्र पुन्हा मागवून घेते, दोन क्षण उशीर झाला तर कोणाचे काही जात नाही. आवाज ही केळी आहे. हरवलेले पाकीट पुन्हा मागवावे तर ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून ज्याला जाळ्याचा कारभार कळतो तो आवाजाच्या पाकिटांवर खूण करतो आणि त्यांना आधी वाट देतो. ज्याला कळत नाही, किंवा ज्याला त्यावर पैसे खर्चायचे नाहीत, तो केळी आणि कापूस एकाच मालगाडीला जोडतो.

बिघाड तीन प्रकारचा. पहिला विलंब. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने घालून दिलेले माप असे की बोललेला शब्द दुसऱ्याच्या कानी सेकंदाच्या हजार भागांपैकी दीडशे भागांत पोचावा. चारशेच्या पुढे गेला तर दोघे एकमेकांच्या बोलण्यावर पाय देऊ लागतात. दुसरी गळती, म्हणजे पाकिटे हरवणे. शेकड्याला एखादे हरवले तर कानाला फारसे कळत नाही; पाच-सात हरवू लागली की शब्द तुटतात. तिसऱ्याला इंग्रजीत जिटर म्हणतात, आम्ही हेलकावा म्हणतो. पाकिटे सगळी येतात, पण कधी तीन एकदम, कधी बराच वेळ एकही नाही. मग ऐकणाऱ्या बाजूच्या यंत्राला यार्डासारखी थोडी जागा ठेवावी लागते, तेथे पाकिटे थांबवून, ओळीने लावून सोडावी लागतात. आणि या थांबवण्याने पुन्हा विलंब वाढतो.

या सर्वांचे मोजमाप करणारी यंत्रे आता स्वस्त झाली आहेत. पूर्वी फोनचा दर्जा ठरवायचा तर शांत खोलीत माणसे बसवून त्यांना आवाज ऐकवीत आणि एक ते पाच असे गुण द्यायला सांगत. सगळ्यांच्या गुणांची सरासरी म्हणजे त्या लाइनीचा दर्जा. आजही तोच एक-ते-पाचचा आकडा वापरतात. पण तो आकडा आता यंत्र काढते आणि त्यासाठी त्याला बोलणे ऐकावे लागत नाही. विलंब किती, गळती किती, हेलकावा किती, आवाज कोणत्या रीतीने आवळला, एवढे कळले की गुण निघतात. फोनच्या दोन टोकांची यंत्रे दर काही सेकंदांनी एकमेकांना आपण होऊन कळवीत असतात की तुझी इतकी पाकिटे आली, इतकी गळाली.

ही गोष्ट, मित्रहो, नीट ध्यानात धरावी. मालगाडीचा डबा काट्यावर चढवून तोलता येतो, तो उघडून आतला माल पाहावा लागत नाही. तसेच लाइन चांगली की वाईट हे जाणायला कोणाचे एक अक्षरही ऐकण्याची गरज नसते. जेव्हा एखादा मालक सांगतो, ‘फोनचा दर्जा राखण्यासाठी आम्हांला मुलींचे बोलणे ऐकावेच लागते,’ तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करीत असतो. लाइनीचा दर्जा वेगळा आणि बोलणाऱ्याची परीक्षा वेगळी. दुसरीही कधी कधी रास्त असेल. नव्या मुलीला शिकवायचे असेल, गिऱ्हाइकाने तक्रार केली असेल. पण ती उघडपणे, सांगून, तिच्या नावाने करावी. पहिलीच्या पदराआड लपवून करू नये.

आता ज्या प्रसंगामुळे आम्ही हे सगळे शिकलो तो सांगतो. कचेरीचे नाव घेणार नाही. ती जळगावात आहे, चाळीस खुर्च्यांची आहे, आणि तेथून दूरदूरच्या शहरांतल्या लोकांना कर्जाच्या हप्त्यांची आठवण करून देण्याचे काम चालते. पगार थोडा, त्यावर महिन्याचा बक्षीस-भत्ता. नियम असा की वीस सेकंदांच्या आत तुटलेले फोन ठरावीक संख्येच्या वर गेले तर भत्ता बंद. मुली फोन मुद्दाम कापतात आणि विश्रांती घेतात, असा मालकाचा ग्रह. संगणक रोज संध्याकाळी यादी छापी: कोणाचे किती तुटले, कोण किती सेकंद गप्प होती, कोण किती वेळा जागेवरून उठली. सलग तीन महिने सतरा जणींचा भत्ता गेला. त्यांतली एक, धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी, तिला तर कामावरूनच कमी केले.

ती आमच्याकडे आली तेव्हा रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. म्हणाली, ‘भाऊ, फोन मी नही कापस, तो आपलाआप कटी जास.’ खरे सांगायचे तर आमचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. तीस वर्षे चळवळीत काढलेल्या माणसालाही संगणकाने छापलेल्या यादीचा वचक वाटतो. कागदावर आकडे असले की ते खरे असणार, असे आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ टेलिफोन खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले होते. २०२० च्या जानेवारीअखेर भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले, त्यांतले ते एक. देशाला तारांनी बांधणारे एवढे ज्ञान एका दिवसात घरी बसले, याचे दुःख कोणी फारसे केले नाही. पण तो विषय आजचा नाही. या गृहस्थांनी यादी पाहिली आणि म्हणाले, ‘हा अर्धा कागद आहे. उरलेला अर्धा कोठे आहे?’ आम्ही म्हटले, कसला अर्धा? ते म्हणाले, ‘माणसांची यादी निघते त्याच यंत्रातून तारेचीही यादी निघते. ती काढा.’

मालक प्रथम नाही म्हणाला. मग म्हणाला, अशी यादी नसते. मग म्हणाला, असते पण ती गुप्त आहे. चौथ्या बैठकीत ती मिळाली. मालक दुष्ट होता असे आम्हांला वाटत नाही. त्याने ती स्वतः कधी उघडून पाहिली नव्हती.

दोन्ही कागद शेजारी ठेवले, तास जुळवले. सकाळी नऊ ते अकरा गळती शेकडा एकाच्या आत. अकरा वाजता ती एकदम सातवर, कधी आठवर. एक वाजता पुन्हा खाली. मुलींचे तुटलेले फोन पाहावेत तर तेही बहुतेक अकरा ते एकमधलेच! सतरा मुलींना रोज अकराच्या ठोक्याला एकदम आळस येतो आणि एकच्या ठोक्याला तो जातो, असे मानायचे की काय? निवृत्त गृहस्थांनी मग कचेरीतल्या वर्दळीचा हिशोब मागितला. कोठून कोठे, किती माल, एवढेच. तेव्हा उलगडा झाला. कचेरीतले कॅमेरे दिवसरात्र चित्रे टिपत, आणि आदल्या दिवसाची सगळी चित्रे रोज सकाळी अकराला दुसऱ्या शहरातल्या मुख्य कचेरीकडे पाठवली जात. चाळीस जणींच्या बोलण्याला वेष्टणासकट सेकंदाला साडेतीन मेगाबिट एवढीच जागा लागते. कचेरीची बाहेर जाणारी वाट दहाची होती. पण कॅमेऱ्यांची चित्रे सुटली की ती सगळी वाट व्यापून टाकत. केळीच्या गाडीसमोर कापसाच्या शंभर गाड्या! आणि चित्रे कसली, तर त्याच मुली काम करतात की नाही हे पाहण्यासाठी घेतलेली. देखरेखीच्या यंत्राने लाइन बिघडवायची आणि दुसऱ्या यंत्राने त्या बिघाडाबद्दल मुलींना दोषी ठरवायचे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती याहून वेगळी काय असते?

पुरावा एवढ्यावर पुरा झाला नसता. मालक म्हणाला, हा योगायोग. पण त्या महिन्यात तीन दिवस चित्रे साठवणारे यंत्र दुरुस्तीला गेले होते. आम्ही ते तीन दिवस दाखवले. अकरा ते एक, गळती जवळजवळ नाही. तुटलेले फोन इतर वेळेइतकेच. त्यानंतर मालक बराच वेळ काही बोलला नाही.

उपाय अगदी किरकोळ निघाला. चित्रे पाठवण्याची वेळ रात्री दोनवर नेली आणि आवाजाच्या पाकिटांना आधी वाट देण्याची खूण केली. एका तासाचे काम, खर्च शून्य. सतरा जणींना तीनांपैकी दोन महिन्यांचा भत्ता परत मिळाला. तिसऱ्याचा मिळाला नाही, तेवढी तडजोड आम्ही केली आणि त्याबद्दल काही जणींचा आमच्यावर अजून रोष आहे. तो योग्यच आहे. कामावरून काढलेली मुलगी परत घेतली गेली नाही. तिच्या जागी माणूस भरला आहे असे उत्तर आले.

जुन्या गिरणी कामगारांनी हे ऐकले असते तर त्यांना नवल वाटले नसते. येथे जळगावला, अमळनेरला, धुळ्याला एके काळी गिरण्यांचे भोंगे होते. मुंबई इलाख्यातल्या गिरण्यांत साळखात्यात कापड खराब निघाले तर ते विणकराच्याच गळ्यात मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापीत. सूत कच्चे असेल, हवेत दमटपणा कमी असेल, माग जुना असेल, दंड विणकराला. या प्रकारांविरुद्ध ओरड झाली, संप झाले, चौकशा झाल्या, आणि १९३६ साली पगारवाटपाचा कायदा आला. दंड कशाबद्दल करता येईल याची यादी सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागेल, कामगाराचे म्हणणे आधी ऐकावे लागेल, आणि दंड पगाराच्या शेकडा तीनच्या वर जाता कामा नये, असे त्याने ठरवले. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ही तत्त्वे तीतही आहेत. पण आजचा मालक हुशार आहे. तो दंड करीत नाही, तो भत्ता देत नाही. कापले काही नाही, फक्त दिले नाही! कायद्याच्या पुस्तकात या दोहोंत अंतर आहे. महिन्याच्या अखेरीस किराणा दुकानदाराला ते समजावून सांगता येत नाही.

बोलणे ऐकण्याबद्दल कायदा काय म्हणतो, असे आम्हांला नेहमी विचारतात. सरकारने कोणाचा फोन ऐकावा याला १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली, आणि २०१७ साली त्याच न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मालकाच्या बाबतीत गोष्ट निसरडी आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याची नियमावली २०२५ च्या नोव्हेंबरात निघाली. पण नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर तीत नोकराची संमती लागत नाही, अशी वाट त्याच कायद्यात ठेवली आहे. वाट किती रुंद समजायची, हे पुढे न्यायालये ठरवतील. तोवर जे मिळवायचे ते कराराने मिळवावे लागेल.

आणि हे काम आता कचेरीच्या भिंतींत राहिलेले नाही. आपल्या देशात इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही मोजकी. देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनला लावण्याची मोकळीक २०१८ पर्यंत नव्हती. २०२० च्या नोव्हेंबरात, साथीच्या दिवसांत, अशा फोन-कचेऱ्यांवरची नोंदणीची अट सरकारने काढली आणि घरून काम करणे सोपे केले. चोपड्याची, शिरपूरची, पारोळ्याची मुलगी आता घरच्या ओट्यावर बसून पुण्या-मुंबईच्या कचेरीचे फोन घेते. ही सोय मोठी आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. जिला गावाबाहेर पाठवायला घरचे तयार नव्हते ती आज कमावते आहे. पण लाइन तिची, वीज तिची, आणि उन्हाळ्यात वीज गेली तर तुटलेला फोनही तिचाच. कचेरीत निदान चाळीस जणी एकाच वेळी तुटल्या हे दिसत होते. घरी ती एकटी आहे. अकरा वाजता शेजारच्या घरात क्रिकेटचा सामना लागला म्हणून तिची लाइन गुदमरली, हे तिने कोणाला पटवावे?

येथपर्यंत आम्ही मालकांचे सांगितले. आता आमचेही सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेने खर्च वाचवण्यासाठी हाच फोन घेतला. एक क्रमांक आणि जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव अशा चार ठिकाणी चार यंत्रे. धुळ्याच्या यंत्रावर आवाज तुटतो म्हणून आम्ही त्याची नोंद उघडली. पाहायची होती गळती. पण त्याच पानावर कोणता फोन कोठे लागला हेही असते. एका कारखान्याशी आमची बोलणी चालू होती. नोंदीत दिसले की त्या आठवड्यात रात्री तीन वेळा धुळ्याच्या कार्यालयातून त्या कारखान्याच्या मॅनेजरला फोन गेला आहे. रात्री कार्यालयात झोपणारा कार्यकर्ता एकच होता. आम्ही त्याला काही विचारले नाही. त्याला बोलण्यांतून बाजूला ठेवले, आणि आठ दिवस त्याच्याशी कोणी धड बोलले नाही. नवव्या दिवशी कळले ते असे: त्याच्या भावाचा हात त्याच कारखान्यात यंत्रात सापडला होता, राज्य विमा योजनेसाठी अपघाताचा कागद हवा होता, आणि मॅनेजर दिवसा भेटत नसे. बोललेला एक शब्दही आम्ही ऐकला नव्हता. पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचला होता, आणि पत्त्यावरून आम्ही एका चांगल्या माणसाला फितूर ठरवले.

तेव्हा मघाशी आम्ही जे म्हटले, की मोजण्यासाठी डबा उघडावा लागत नाही, ते खरे असले तरी पुरे नाही. डब्यावरच्या चिठ्ठीवरूनही माणसाचे वाटोळे करता येते. आता आमच्या कार्यालयात वर्दळीची नोंद दोघांनी मिळून उघडायची, आणि फोनचा दर्जा पाहताना क्रमांकाचे शेवटचे आकडे झाकलेले असतील, असे आम्ही ठरवले आहे. यंत्रात तशी सोय असते. आम्ही ती आधी केली नव्हती. तो कार्यकर्ता परत समितीत आला. पूर्वी जेवायला आमच्या घरी थांबायचा, हल्ली थांबत नाही.

त्या चाळीस खुर्च्यांच्या कचेरीत सध्या दर सोमवारी तारेची यादी भिंतीवर लावतात. विलंब, गळती, हेलकावा, तासागणिक. पहिल्या आठवड्यात मुली तिच्याकडे पाहून हसत. आता त्याच आमच्या आधी बोट ठेवतात की बुधवारी चारला काय झाले होते. लेखी करार मात्र अजून व्हायचा आहे. तुटलेल्या फोनचा ठपका ठेवण्याआधी त्या घटकेची तारेची नोंद जोडावी, हे पहिले कलम मालकाने मान्य केले आहे. कोणाचे बोलणे कोणी ऐकले याची वही ठेवून ती त्या मुलीला दाखवावी, यावर तो विचार करतो म्हणाला आहे. ध्वनिमुद्रण किती दिवस ठेवावे यावर गाडी अडली आहे: तो एक वर्ष म्हणतो, आम्ही नव्वद दिवस म्हणतो. पुढची बैठक आखाजीनंतर आहे. आखाजीला त्या कचेरीला सुट्टी नसते, झोका आणि माहेर दोन्ही त्या मुली रविवारी उरकतात. सुट्टीची मागणी त्यांनी आपण होऊन त्याच कागदावर चौथे कलम म्हणून लिहून दिली आहे.